वडिलांच्या उपचारांची जुनी थकबाकी आणि सिबिल: कोणते देणे आधी, आणि कोणत्या अटीवर

प्रश्न विचारणारे गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. एप्रिल-मे २०२१ मध्ये त्यांच्या वडिलांना कोरोनामुळे खासगी रुग्णालयात ठेवावे लागले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी एका फायनान्स कंपनीकडून अडीच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले, क्रेडिट कार्डावर सुमारे ५८,००० रुपयांची औषधे आणि तपासण्या केल्या, आणि उरलेले ४२,००० रुपये नंतर देईन असे रुग्णालयाला लिहून दिले. कर्जाचे नऊ हप्ते भरल्यावर फेब्रुवारी २०२२ नंतर त्यांचे काम सुटले आणि तिन्ही देणी थांबली. आता नोकरी स्थिर आहे, हाताशी १,४०,००० रुपये शिल्लक आहेत, सिबिल स्कोर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा पतीचा आकडा, म्हणजे पतगुण) ५६१ आहे आणि गृहकर्जाचा अर्ज नुकताच नाकारला गेला आहे. वसुली एजंट म्हणतो, रविवारपर्यंत ७५,००० भरा, कर्जाचा विषय कायमचा मिटेल. भरावे का, हा त्यांचा प्रश्न.

माझे उत्तर असे की रविवारपर्यंत काहीही भरू नका. देणे बुडवावे असे मी सुचवत नाही. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकोणीस वर्षे काम केले आणि त्यानंतरची नऊ वर्षे थकीत कर्जदारांबरोबर बसून त्यांची देणी मार्गी लावत आलो आहे. या सर्व काळात लोकांचे सर्वांत जास्त नुकसान न भरल्याने झालेले मी पाहिलेले नाही. ते चुकीच्या माणसाकडे, चुकीच्या क्रमाने आणि हातात कागद नसताना भरल्याने झालेले पाहिले आहे.

सर्वप्रथम तिन्ही देणी मनात वेगळी करा, कारण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. रुग्णालय ही पतसंस्था नाही, बँक नाही आणि फायनान्स कंपनीही नाही, त्यामुळे त्याची थकबाकी सिबिलकडे कळवली जात नाही. तुमचा स्कोर रुग्णालयाच्या ४२,००० रुपयांमुळे खाली आलेला नसून कर्ज आणि कार्ड यांच्यामुळे आला आहे. घरात मात्र या तिघांना मिळून ‘बाबांच्या आजारपणाचे देणे’ असे एकच नाव पडते आणि मग जो सर्वांत जास्त तगादा लावतो त्याला आधी पैसे जातात. तुमच्याकडे १,४०,००० रुपयेच आहेत, म्हणून क्रम ठरवल्याशिवाय त्यातला एक रुपयाही हलवू नये.

दुसरे काम अहवाल मागवण्याचे. आपल्याकडे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या पतमाहिती ठेवतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही मागवा, स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोर कमी होत नाही. मोबाइलवरच्या अॅपमध्ये नुसता आकडा दिसतो, पण आपल्याला आकडा नको, खातेनिहाय पाने हवी आहेत. त्यात प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात. चौकटीत ‘०००’ असेल तर त्या महिन्याचा हप्ता वेळेवर, ‘०३०’ असेल तर तीस दिवस उशीर, आणि नव्वद दिवसांच्या पुढे गेलेले खाते बँकेच्या दृष्टीने अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’, ठरते. तुमच्या कर्जाच्या ओळीत सुरुवातीला नऊ स्वच्छ चौकटी आणि नंतर चढत जाणारे आकडे असायला हवेत. त्या नऊपैकी एखादीत उशीर दाखवला असेल, तर बँकेच्या पासबुकाची किंवा खातेउताऱ्याची प्रत काढून ठेवा. तशी चूक मी अनेकदा पाहिली आहे आणि ती दुरुस्त होते.

त्याच पानावर खात्याची स्थिती वाचा. तिथे ‘रिटन ऑफ’ असे लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि या शब्दाने लोक फसतात. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. कर्ज देणाऱ्याने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढली, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्याकडून येणे कायम असते आणि वसुलीचा हक्कही कायम असतो. खाते एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकले गेले असेल, तर अहवालात त्या कंपनीचे नाव येते. कधी जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे येऊन एकच कर्ज दोनदा थकीत दिसते. तसे असेल तर पैसे भरण्याआधी आत्ता मालक कोण, हे लेखी विचारले पाहिजे आणि कर्ज हस्तांतरित झाल्याच्या पत्राची प्रत मागितली पाहिजे.

आता एजंटच्या ७५,००० रुपयांकडे येतो. सोळा टक्के दराने, छत्तीस महिन्यांच्या अडीच लाखांच्या कर्जावर नऊ हप्ते भरल्यानंतर सुमारे १,९८,००० रुपये मुद्दल उरते. ७५,००० घेऊन कंपनी उरलेले १,२३,००० रुपये मुद्दल आणि त्यावरचे व्याज सोडते, आणि अहवालात ‘सेटल्ड’ असे नोंदवते. ‘क्लोज्ड’ म्हणजे देणे पूर्ण फिटले; ‘सेटल्ड’ म्हणजे कर्जदाराने पूर्ण दिले नाही, आम्ही तडजोड केली. गृहकर्जाच्या टेबलावर बसलेला अधिकारी हा फरक अतिशय गंभीरपणे घेतो. त्या टेबलावर मी स्वतः बसलो आहे आणि अर्जदाराच्या पगाराची पावती उत्तम असूनही या एका शब्दापाशी फाइल बाजूला ठेवलेली आहे.

हिशेब करून पाहा. समजा दोन-तीन वर्षांनी तुम्हाला वीस वर्षांसाठी तीस लाखांचे गृहकर्ज हवे आहे. स्वच्छ इतिहास असलेल्याला साडेआठ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. ‘सेटल्ड’ शेऱ्यामुळे बँकेने नकार दिला आणि एखाद्या गृहवित्त कंपनीने दहा टक्क्यांनी दिले, तर तोच हप्ता २८,९५१ होतो. दरमहा २,९१६ रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला सुमारे ३५,०००. आज वाचवलेले १,२३,००० रुपये साडेतीन वर्षांत संपतात आणि पुढची साडेसोळा वर्षे तुम्ही जास्त भरत राहता. म्हणून ज्याला घर घ्यायचे आहे आणि ज्याची नोकरी टिकून आहे, त्याने मुद्दल पूर्ण फेडावे आणि सवलत मागायची ती व्याजात व दंडात मागावी, असे माझे ठाम मत आहे. ज्याचे उत्पन्नच राहिलेले नाही, घरात दुसरे आजारपण आहे, पुढच्या पाच-सहा वर्षांत मोठे कर्ज घ्यायचे नाही, त्याने तडजोड जरूर करावी. त्यात कमीपणा काहीही नाही.

येथे एक मेख आहे. मुद्दल पूर्ण भरले आणि फक्त व्याज माफ झाले, तरी अनेक संस्था ‘सेटल्ड’ असेच कळवतात. म्हणून वाटाघाटीतला खरा विषय रकमेइतकाच त्या शब्दाचाही असतो. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ईमेल करा, एजंटला नको. वडिलांच्या आजारपणाची पार्श्वभूमी दोन ओळींत सांगा, मुद्दल किती, व्याज किती, दंड किती अशी फोड करून दिलेला खातेउतारा मागा, आणि व्याज व दंडात सवलत देऊन खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवण्यास तयार असल्यास लेखी प्रस्ताव द्यावा, अशी विनंती करा. प्रस्तावाच्या पत्रात कर्ज खात्याचा क्रमांक, भरायची रक्कम आणि तारीख, पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे, भरल्यानंतर किती दिवसांत ना देय प्रमाणपत्र (आता काही येणे नाही, असे कंपनीचे पत्र) मिळेल आणि पतमाहिती कंपन्यांना कोणती स्थिती कळवली जाईल, हे पाचही मुद्दे हवेत. पत्र कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून किंवा सही-शिक्क्यानिशी आले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले छायाचित्र मी पत्र मानत नाही.

इचलकरंजीच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. सुताच्या कारखान्यात काम, नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेले कर्ज, आणि असाच महिनाअखेरचा फोन. त्यांनी कानातली विकून १८,००० रुपये एजंटने दिलेल्या यूपीआय क्रमांकावर पाठवले. ते खाते एजंटचे स्वतःचे निघाले. कंपनीच्या पुस्तकात एक रुपयाही जमा नव्हता, एजन्सी बदललेली होती आणि तो मुलगा फोन उचलत नव्हता. पैसे पाठवल्याची पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून आणली होती, आणि ती पावती कंपनीच्या नावाची नाही हे त्यांना समजावून सांगताना मला जे वाटले ते मी विसरू शकत नाही. पैसे फक्त कर्ज खात्यातच भरा, मग समोरचा माणूस कितीही सभ्य बोलो.

एजंटच्या वागण्यालाही मर्यादा आहेत. थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवीगाळ, नातेवाइकांकडे बदनामी आणि धमक्याही निषिद्ध आहेत. पोलीस घरी येतील, असे कोणी म्हटले तर घाबरू नका. कर्ज थकणे हा दिवाणी विषय आहे. धनादेश न वटल्याची फौजदारी तक्रार स्वतंत्र असते आणि तिची नोटीस त्या वेळीच यावी लागते. फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

‘तीन वर्षे झाली म्हणजे कर्ज संपले’ असे तुम्हाला मित्राने सांगितले आहे. हे अर्धेच खरे आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा देण्यासाठी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपली तर न्यायालयाचा रस्ता बंद होतो. देणे नाहीसे होत नाही आणि अहवालातली नोंदही पुसली जात नाही. शिवाय हप्त्यांच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची तारीख वेगळी असते आणि अशा अनेक करारांत लवादाचे कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचाने निकाली काढण्याची अट, असते. तुम्ही घर बदलल्यामुळे नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या असतील आणि लवादाचा निवाडा झालेला असेल, तर तीन वर्षांचा हिशेब लागूच होत नाही. त्या निवाड्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत करता येते. म्हणून जुन्या घरमालकाकडे जाऊन टपाल आले होते का, ते विचारून या. आणखी एक गोष्ट: मुदत संपण्याआधी सहीनिशी देणे कबूल केले किंवा काही रक्कम भरून तसे लिहून दिले, तर मुदत नव्याने सुरू होते, मुदत संपल्यानंतरही ‘मी फेडीन’ असे सहीनिशी लिहून दिले, तर तो करार कायद्याने बंधनकारक ठरू शकतो. म्हणूनच प्रस्तावाचे पत्र हातात येईपर्यंत ‘हो, देणे आहे, देतो’ असे कुठेही लिहू नका. खातेउतारा मागणे म्हणजे कबुली नव्हे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीची नोटीस आली तर मात्र घाबरून टाळू नका. दाव्याआधीची प्रकरणे तिथे घेतली जातात, कंपनीचे प्रतिनिधी सवलतीची तयारी ठेवून आलेले असतात, आणि समोरासमोर बसल्यावर फोनवर न मिळणारे आकडे मिळतात. तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून ‘क्लोज्ड’ हा शब्द निवाड्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

आता रुग्णालयाचे ४२,०००. याच्याकडे मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत काळजीने पाहीन. महाराष्ट्र शासनाने २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांवर कोरोना उपचारांचे दर बांधून दिले होते: साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवायच्या अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. काही महागडी औषधे, मोठ्या तपासण्या आणि पीपीई किट यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. तुमचे वडील एप्रिल-मे २०२१ मध्ये दाखल होते, म्हणजे हेच दर चालू होते. रुग्णालयाकडून तपशीलवार बिल मागा, एकेका दिवसाची खाट कोणत्या दराने लावली ते पेन्सिलीने समोर लिहा आणि फरकाची बेरीज करा. बिलाची प्रत मिळणे हा रुग्णाचा आणि त्याच्या कुटुंबाचा हक्क आहे. मी पाहिलेल्या काही बिलांत एकाच दिवसाची खाट दोन कक्षांत लावलेली होती. फरक निघाला तर तो दाखवून थकबाकी कमी करून मागा. रुग्णालय धर्मादाय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या योजनेचाही विषय काढा. इतक्या उशिरा लाभ मिळेलच असे नाही, पण अनेक विश्वस्त मंडळे अशा जुन्या थकबाकीत मन मोठे करतात.

मुदतीचा प्रश्न येथे वेगळा आहे. कोरोनाच्या काळामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कालावधी मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. त्यामुळे मे २०२१ च्या बिलाची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजली जातात आणि फेब्रुवारी २०२५ अखेर पूर्ण होतात. मे २०२१ नंतर तुम्ही नवे काही लिहून दिलेले नसेल, तर रुग्णालय तुमच्यावर यशस्वी दावा लावू शकेल असे मला वाटत नाही. द्यायचे की नाही, हे तुम्ही तुमच्या मनाला विचारून ठरवा. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे की तिथल्या परिचारिकेने शेवटच्या रात्री स्वतःच्या फोनवरून वडिलांशी तुमचे बोलणे करून दिले. बिल तपासून जी योग्य रक्कम निघेल ती तुम्ही सवडीने, व्याजाशिवाय द्यावी, असे मला वाटते. पण कर्ज आणि कार्ड यांच्या आधी नाही.

क्रम असा ठेवा. कार्ड प्रथम, कारण रक्कम लहान आहे आणि कार्डावरचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढत असते. बँक आज १,४६,००० मागत असली तरी त्यातला मूळ खर्च ५८,००० आहे. ६५ ते ७० हजारांत खाते ‘क्लोज्ड’ करून घेण्याचा प्रयत्न करा. पहिल्याच उत्तरात होकार येणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ईमेलनंतर येतो. उरलेले सुमारे ७० हजार कर्जाची पहिली रक्कम म्हणून दाखवा आणि बाकी मुद्दल आठ ते बारा मासिक हप्त्यांत भरण्याची परवानगी मागा. कंपनी एकरकमीच मागत असेल तर कारखान्याच्या कर्मचारी पतपेढीत विचारा. तिथला दर कमी असतो, हप्ता पगारातून कापला जातो आणि चुकण्याची भीती राहत नाही. दुसऱ्या अॅपवरून कर्ज काढून हे कर्ज फेडू नका.

पैसे भरल्यावर ना देय प्रमाणपत्र घ्या आणि साधारण महिनाभराने पुन्हा अहवाल पाहा. १ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्या संस्थांनी निदान दर पंधरवड्याला माहिती कळवायची आहे, त्यामुळे पूर्वीसारखे दोन-तीन महिने थांबावे लागू नये. स्थिती बदललेली नसेल तर पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र जोडून तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. तक्रारीत त्या तरतुदीचा उल्लेख केला की काम लवकर हलते, असा माझा अनुभव आहे. ‘पैसे द्या, स्कोर दुरुस्त करून देतो’ असे सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. जे काम तुम्ही स्वतः विनामूल्य करू शकता तेवढेच ते करतात, आणि तुमचे पॅन व ओटीपी मात्र त्यांच्या हाती जातात.

पत नव्याने उभी करण्यासाठी फार काही लागत नाही. बँकेत २०,००० रुपयांची मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्या. जुना इतिहास खराब असला तरी ते बहुधा मिळते. महिन्याला पेट्रोल आणि किराणा मिळून चार-पाच हजारांच्या वर त्यावर खर्च करू नका आणि बिल पूर्ण भरण्याची स्वयंचलित सूचना बँकेला द्या. ‘किमान देय’ भरत राहणे टाळा. या काळात दुसऱ्या कोणत्याही कर्जासाठी अर्ज करू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दिसते आणि नाकारलेल्या अर्जांची रांग पाहून पुढचा अधिकारी सावध होतो. मित्राला जामीन राहणेही सध्या टाळा. त्याचा थकलेला हप्ता तुमच्याही अहवालात उतरतो. जुन्या थकबाकीच्या चौकटी लगेच जाणार नाहीत, पण सिबिलच्या अहवालात छत्तीस महिन्यांचा तपशील समोर दिसतो आणि तुमच्या स्वच्छ चौकटी जशा वाढतील तशा जुन्या मागे सरकत जातील.

गृहकर्जाची घाई झाली आणि पत्नीचे उत्पन्न पुरेसे असेल, तर तिच्या एकटीच्या नावावर अर्ज करण्याचा मार्ग आहे. मात्र तुम्ही सहअर्जदार झालात की तुमचा अहवालही तपासला जातो, आणि फ्लॅटमध्ये सहमालक झालात तर बहुतेक बँका सहअर्जदार होण्याचा आग्रह धरतात. मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही खाती बंद झाल्यापासून अठरा महिने ते दोन वर्षे थांबून एकाच बँकेत अर्ज केला असता, आणि अधिकाऱ्याने विचारण्याआधीच दोन्ही ना देय प्रमाणपत्रे, नऊ हप्ते भरल्याचा खातेउतारा आणि वडिलांच्या उपचारांचा रुग्णालयाचा कागद एका पानाच्या निवेदनासह फाइलच्या वर लावला असता. त्या टेबलावर बसणाऱ्यांनीही २०२१ चा एप्रिल पाहिलेला आहे.

एजंटचा रविवारी फोन येईल तेव्हा त्याचे नाव, एजन्सीचे नाव आणि कंपनीने दिलेले अधिकारपत्र मागा, आणि मी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याशी लेखी बोलत आहे एवढे सांगून फोन ठेवा. तो ईमेल शनिवारीच पाठवून ठेवा.